'बोलिंग फॉर कोलंबाइन' : कॅनडाच्या दाखल्यात काय राहून गेलं

'कॅनडातही बंदुका आहेत, तरी तिथे इतके खून होत नाहीत. म्हणजे मूळ दोष अमेरिकी लोकांच्या मनातल्या भीतीत आहे', असं अमेरिकेतल्या बंदुकींच्या चर्चेत अनेकदा म्हटलं जातं. हे म्हणणं दिग्दर्शक मायकेल मूरच्या २००२ च्या या माहितीपटातूनच आलंय. भीतीचा मुद्दा मलाही पटतो. पण कॅनडाचा दाखला अर्धाच आहे. तिथल्या बंदुका मुख्यतः शिकारीच्या, लांब नळीच्या. पिस्तुलाची नोंदणी तिथे १९३४ पासून सक्तीची आहे. अमेरिकेत बंदुकीने होणारे बहुतेक खून पिस्तुलानेच होतात. शिवाय २०१७ च्या अंदाजानुसार शंभर माणसांमागे अमेरिकेत सुमारे १२० बंदुका होत्या, कॅनडात सुमारे ३५.

माहितीपटाच्या नावातल्या कोलंबाइनचंच बघा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या या शाळेत १९९९ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला होता. चारपैकी तीन बंदुका त्या अल्पवयीन मुलांसाठी एका सज्ञान ओळखीच्या व्यक्तीने बंदुकांच्या प्रदर्शनातल्या खासगी विक्रेत्यांकडून घेतल्या. कुणाचीही पार्श्वभूमी तपासली गेली नाही, कारण कायद्याने ती गरजच नव्हती! कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये ही पळवाट मोठ्या बहुमताने बंद केली. म्हणजे ज्या बंदुकीच्या 'संस्कृती'पुढे आपण हात टेकतो, तिच्यातल्याच माणसांनी हे केलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि आत्महत्यांबद्दल या चर्चेत कुणी फारसं बोलत नाही. अमेरिकेत बंदुकीने जाणाऱ्या जिवांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. तो क्षण टळला तर अनेक जण पुढे जगतात. हाताशी बंदूक असली की तेवढी उसंतच मिळत नाही.