दमट हवेत जुनी कॉमिक्स: मूळ अंक जपायचे, की स्कॅन करून मोकळं व्हायचं?

चिरेबंदी (रत्नागिरी):
मत सरळ मांडतो, शिव्या नंतर घाला. किनारपट्टीवर 'इंद्रजाल कॉमिक्स'चे जुने अंक जपण्याचा हट्ट सोडावा. स्वस्त वर्तमानपत्री कागद, त्यात लिग्निन (लाकडातलं द्रव्य). तो पिवळा पडून ठिसूळ होणारच. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याखाली येतच नाही.

शिवाय 'मूळ' तरी कसलं? वेताळाच्या (मूळचा 'फँटम') बऱ्याच गोष्टी आधी अमेरिकन वर्तमानपत्रांत रोजच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या म्हणून आल्या. आपल्याकडे पानाच्या मापात बसवायला चौकटी कापल्या, सरकवल्या, वर रंग चढवला. वेताळाच्या देशाचं नाव बेंगाली, त्याची डेंकाली झाली, सिंग चाच्यांचे सिंगा झाले. मूळ चित्रकार साय बॅरीची रेघ बघायची असेल तर पट्ट्यांचं चांगलं पुनर्मुद्रण घ्या. अंधारात उभा वेताळ, अर्धं अंग सपाट काळं आणि कडेला ब्रशची एकच जाड-बारीक होत गेलेली रेघ. ती इंद्रजालच्या छपाईत निम्मी बुजते.

शाईचा डाग (मालवण):
कापाकापीचं खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. मुखपृष्ठांचं काय करणार? गोविंद ब्राह्मणियांनी रंगवलेली कव्हरं कुठल्याच अमेरिकन पट्टीत मिळायची नाहीत. त्यांनीच चितारलेला, आबिद सुरतींनी निर्मिलेला नायक 'बहादूर' (१९७६) तर जन्मालाच इंद्रजालमध्ये आला. या चित्रांचं मूळ म्हणजे हाच अंक.

आणि छपाई 'बुजलेली' म्हणता, तीच भिंगातून बघा. त्वचेचा रंग म्हणजे गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांची जाळी असते. एखादा रंग किंचित सरकलेला, म्हणून दंडाच्या कडेला लाल झालर. त्या काळचा छापखाना कसा चालायचा, ते त्या झालरीत दिसतं.

खाडीकाठ (गुहागर):
तत्त्वज्ञान चालू द्या, पण अंक मरतात ते पावसाने कमी आणि आपल्या हौसेने जास्त.

बाजारात मिळणारी चकचकीत पीव्हीसी कव्हरं काढून टाका, ती शाईला चिकटतात. पॉलिप्रॉपिलिनची घ्या. सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे जूनमध्ये जाग येऊन अंक पिशवीत घट्ट बंद करणं. कागदाने ओल आधीच प्यायलेली असते, ती आत कोंडते आणि गणपतीपर्यंत काळे ठिपके उमटतात. बंद करायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत, सावलीत पंख्याखाली वाळवून. मग रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सोबत नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या आसपास हवा. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत दोन-तीन तास तापवा. जास्त तापवलं तर रंग बदलणंच बंद होतं.

पिना गंजल्या असतील तर ओढू नका, कागद फाटतो. मधलं पान उघडा, पिनेखाली जाड कागदाचा तुकडा सरकवा, बोथट सुरीने पाय सरळ करा आणि मागून पिन काढा. त्याच भोकांतून सुती दोरा घाला. सेलोटेप नको (डिंक झिरपून तपकिरी पट्टा राहतो), घरची खळही नको, तिला कसर लागते. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, आत चोळली जाते. पूर्ण वाळू द्या, मग मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झाडा. आणि कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, पश्चिमेच्या तर नाहीच. चार बोटं जागा सोडा.

चिरेबंदी:
म्हणजे एका अंकामागे एवढा संसार! कव्हरांचा मुद्दा मान्य. पण तेवढ्यासाठी सहाशे डीपीआयवर (इंचाला सहाशे ठिपके) स्कॅन केलेली रंगीत टिफ फाइल पुरते. पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठीमागची छपाई आरपार दिसत नाही. तुमच्या लाडक्या ठिपक्यांसाठी स्कॅनरचा 'डीस्क्रीन' पर्याय बंद ठेवा. तो चालू असला की जाळी पुसून मेण फासल्यासारखं दिसतं.

शाईचा डाग:
तीच जाळी पडद्यावर लहान करून बघा, नसलेल्या लाटा उठतात. शंभर टक्के आकारात बघायचं तर पान पडद्यात मावत नाही, उजव्या कोपऱ्यातला ठोसा दिसतो तेव्हा डावीकडचा जबडा गायब. आणि सपाट स्कॅनरवर काचेखाली कणा दाबला की पिनेजवळचा ठिसूळ कागद तुटतो, तो धोका कोण घेणार? स्कॅन करा, जरूर करा, पण वरून कॅमेऱ्याने, अंक नव्वद अंशांतच उघडून. आणि नंतर अंक रद्दीत घालू नका.

बांदावरचो (वेंगुर्ला):
तुमी भांडत ऱ्हवा, तवसर कसर अंक खाऊन जातली.

चिरेबंदी:
रद्दीत कोण घालतंय? ज्यांच्याकडे डबा आणि जेल आहे त्यांना देऊन टाका. घाटावरच्या कोरड्या हवेत तर आणखी बरं.

शाईचा डाग:
घाटावर? बहादूरची कव्हरं? डबा मी आणतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.