लहानपणी वाचलेलं पुस्तक शोधतोय: सूर्य पश्चिमेला उगवतो, अंडी शिजत नाहीत आणि व्यापारी काटा मारतो

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. एक पुस्तक डोक्यात अडकून बसलंय, नाव नाही, लेखक नाही, मुखपृष्ठ तर मुळात नव्हतंच. साधारण ८८-८९ साल असेल, मी पाचवी-सहावीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत अमळनेरला मामाकडे. शेजारी एक रिटायर गुरुजी राहायचे, त्यांच्याकडून आणलेलं, पुठ्ठा निघालेला आणि वर खताच्या गोणीतला जाड कागद लावलेला. मराठीच होतं, भाषा एकदम मस्त, खदखदून हसवणारी, पण गोष्ट विज्ञानकथा टाईप.

आठवतं ते असं, क्रम चुकलेला असू शकतो:

मोठ्ठा हादरा बसतो आणि काही लोक उठून बघतात तर सूर्य भलत्याच बाजूने वर येतोय, पश्चिमेकडून, आणि दिवस लगेच संपतो, म्हणजे दुपारचं जेवण होईपर्यंत संध्याकाळ. माणसं साधी उडी मारली तरी घराएवढी उंच जातात. साहेबाचा नोकर अंडी उकडायला ठेवतो, पाणी भराभर उकळायला लागतं पण अंडी कच्चीच. मग पुढे थंडी वाढत जाते तरी समुद्र काही गोठत नाही, आणि एक लहान मुलगी पाण्यात काहीतरी फेकते अन् सगळा समुद्र एका झटक्यात गोठतो. हे वाचताना अंगावर काटा आलेला, मे महिन्यात, अमळनेरात, विचार करा. नंतर सगळे ज्वालामुखीच्या पोटात जाऊन राहतात.

आणि सगळ्यात पक्कं आठवतं ते म्हणजे एक कंजूष व्यापारी, त्याच्याकडचा ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा काटा, वापरून एक शास्त्रज्ञ काहीतरी मोजतो, सगळं गणित मांडतो आणि नंतर कळतं की काटाच खोटा होता. आमच्या आजोबांनी हे ऐकलं तेव्हा म्हणाले, अरे हा तर आपला कापूस घेतो तोच दिसतोय. त्या वर्षी गावात खेडा खरेदीला आलेल्याने आमच्या कापसाला बराच काटा मारलेला, घरी रोज तोच विषय.

शोधायचे सगळे उद्योग करून झाले. २०२४ ला अमळनेरला साहित्य संमेलन होतं तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांवर विचारत फिरलो, जो तो नारळीकर हातात देतो. एआयला विचारलं तर त्याने नाव, लेखक, प्रकाशक, साल सगळं छातीठोक सांगितलं, फक्त असं पुस्तक कुठे अस्तित्वातच नाही. कुणाला काही सुचतंय का?

केळीबाग_रावेर

भो हे नारळीकरांचंच असणार, धूमकेतूवरची गोष्ट आहे त्यांची. बंगाली गृहस्थ असतो, रात्री दुर्बीण लावून बसतो, त्याला धूमकेतू सापडतो, मग इंग्लंडला बोलावतात वगैरे. हादरा म्हणजे धूमकेतूचाच असेल ना.

प्लॅटफॉर्म_तीन

रावेरवाले दादा, त्या गोष्टीत धूमकेतू आदळतच नाही. गुपचूप अण्वस्त्रं सोडून त्याची वाट बदलतात आणि इकडे घरी त्या बंगाली गृहस्थाची बायको शांतीसाठी यज्ञ करते, हाच तर कथेचा चिमटा आहे. त्यात उलटा सूर्यही नाही आणि अंडी पण नाहीत. "वामन परत न आला" पण नाही, त्यात जमिनीखाली खोल खणताना जुन्या संस्कृतीची वस्तू सापडते आणि पुढे यंत्रमानवाचं प्रकरण.

मला वाटतं रशियन असेल. आमच्या लहानपणी भुसावळला पुस्तकांची गाडी यायची, सोव्हिएत पुस्तकं मराठीत, गुळगुळीत कागद आणि किंमत दोन-तीन रुपये. साहेब आणि नोकर असं काही होतं म्हणताय तर मात्र रशियन नसेल, तिथे नोकर कुठून आला, कॉम्रेड असता.

धुळ्याच्या_बाई

तापीकाठचे भाऊ, पुस्तक सापडलं समजा. "मुक्काम शेंडेनक्षत्र", भा. रा. भागवत. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतूच. फास्टर फेणेवाले भागवत. ती हसवणारी भाषा म्हणताय ना, ती त्यांचीच. मूळ गोष्ट ज्यूल व्हर्नची, १८७७ ची, नायकाचं नाव हेक्टर सर्व्हादाक, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा फ्रेंच कॅप्टन. भागवतांनी व्हर्नची बरीच पुस्तकं मराठीत आणली, "चंद्रावर स्वारी" पण त्यांचंच.

मी विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. तुम्ही कथानकावर शोधलं असतं तर जन्मभर सापडलं नसतं कारण धूमकेतू, हादरा, थंडी हे शंभर गोष्टींत असतं. पण अंडी आणि ताणकाटा ही जोडी दुसरीकडे कुठे नाही. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि भूमध्य समुद्राच्या काठचा तुकडा, पाणी, हवा आणि छत्तीस माणसं घेऊन निघतो. त्या लोकांना सुरुवातीला हे माहीतच नसतं. त्यांना फक्त विचित्र गोष्टी दिसत जातात आणि त्यावरून ते ओळखत जातात की आपण पृथ्वीवर नाही.

ताणकाट्याचं नीट सांगते, कारण मी वर्गात ते वापरायचे. दोन पारड्यांचा तराजू असेल तर एक किलोला एक किलोचं माप लावलं की कुठेही जा, दांडी सरळच राहणार, कारण दोन्हीकडचं वजन सारखंच घटतं. धूमकेतूवर ओढ किती कमी आहे हे तराजूने कळणारच नाही. त्यासाठी स्प्रिंगचा काटा पाहिजे. आणि तो सगळ्या धूमकेतूवर फक्त त्या व्यापाऱ्याच्या गलबतावर. तो भाडं घेतल्याशिवाय देत नाही. मग प्रोफेसरसाहेब पृथ्वीवर किलोभर भरणारी नाणी त्याला लटकवतात, काटा जेमतेम सातवा भाग दाखवतो, त्यावरून धूमकेतूचं वस्तुमान काढतात, एकदम खूश. आणि नंतर उघड होतं की काटा वजन जास्त दाखवतो, गिऱ्हाइकाला फसवायला केलेला. मुलांना वजन आणि वस्तुमान यातला फरक पुस्तकातल्या व्याख्येने कधी कळला नाही, काटा मारणारा व्यापारी म्हटलं की शेतकऱ्यांच्या पोरांना लगेच कळायचं.

तापीकाठचा

बाई!!! शेंडेनक्षत्र!!! हेच, हेच. नाव वाचल्यावर ते पान डोळ्यापुढे आलं, काट्याला नाणी लटकवलेलं. तुमनं बठ्ठं बराबर शे. इतकी वर्षं मी धूमकेतू धूमकेतू करून शोधत होतो, कुठून सापडणार होतं. समुद्राचं पण खरं होतं का ते, की कथेपुरतंच?

धुळ्याच्या_बाई

खरं आहे, फक्त एवढ्या मोठ्या समुद्राचं तसं होणं कठीण, त्यात लाट आणि वारा नसला पाहिजे. पाणी अगदी संथ आणि स्वच्छ असेल तर शून्याच्या खाली जाऊन पण द्रवच राहतं, बर्फ धरायला त्याला सुरुवात मिळत नाही. घरी करून बघा, बंद बाटलीतलं पाणी फ्रीझरमध्ये दोनेक तास न हलवता ठेवा, गोठायच्या आत हळूच काढा आणि ओट्यावर आपटा. वरून खाली बर्फ धावत जातो, डोळ्यासमोर. दर वेळी जमत नाही, वेळ साधावी लागते. गोष्टीत त्या छोट्या नीनाला बर्फाचा तुकडा फेकायला सांगतात, तो तुकडा म्हणजेच ती सुरुवात.

कळण्याची_भाकरी

अंड्यांवर मला बोलायचंय. मूळ पुस्तकात पाणी ६६ डिग्रीला उकळतं असं आहे, हवा विरळ म्हणून. आता आपलं तोरणमाळ घ्या, साधारण साडेअकराशे मीटर उंच, तिथे पाणी ९६ च्या आसपास उकळतं, चारच डिग्रीचा फरक तरी कुकरशिवाय तूरडाळ शिजवायला घेतली की बायको पर्यटन विसरते. एव्हरेस्टच्या टोकावर ७० च्या जरा वर. म्हणजे ६६ ला उकळतंय तर हवेचा दाब आपल्या चौथ्या हिश्शाएवढाच, एव्हरेस्टपेक्षा पण कमी. आणि ही मंडळी तिथे शिकार काय करतात, उड्या काय मारतात, घोड्यावर रपेट काय. ऑक्सिजनचं नळकांडं नाही काही नाही. व्हर्नने अंड्याचं गणित केलं आणि फुप्फुसाचं विसरला.

आणि धूमकेतू घासून गेला आणि माणसं फक्त बेशुद्ध पडली, हे तर सोडूनच द्या. तेवढ्या वेगाने घासला असता तर घासणारे आणि घासले गेलेले दोघांचीही वाफ झाली असती.

प्लॅटफॉर्म_तीन

भाकरीभाऊ गोष्ट वाचा ना, एफआयआर काय लिहिताय.

कळण्याची_भाकरी

अरे मला आवडतंच पुस्तक, म्हणूनच बोलतोय. न आवडणाऱ्या पुस्तकाचा दाब कोण मोजतो.

मेहरूणची_बोरं

जरा कडू बोलते. व्हर्नचं मूळ पुस्तक मोठेपणी इंग्रजीतून वाचलं तेव्हा त्या व्यापाऱ्यापाशी मजा गेली. तो ज्यू दाखवलाय आणि लोभी, रडका, भित्रा, लाचार, जे काही वाईट म्हणून चिकटवता येईल ते सगळं चिकटवलंय. बाकी सगळ्या देशांचे लोक विनोदी आहेत, इंग्रज गोठलेल्या खडकावर पण आपली शिस्त सोडत नाहीत वगैरे, पण त्यांच्यावर लेखक चिडलेला नाही, याच्यावर चिडलेला आहे. लहानपणी आपल्याला तो फक्त काटा मारणारा माणूस वाटला, ते बरंच झालं. पण कुणी आता मुलांना इंग्रजीतून देणार असाल तर आधी स्वतः वाचून घ्या आणि त्या जागी थांबून दोन शब्द बोला.

तापीकाठचा

ताई हे माहीतच नव्हतं. आजोबांचा राग त्या एका खरेदीवाल्यावर होता, जातीवर नव्हता, हे मात्र सांगतो.

आता पुस्तक मिळवायचं कसं? आणि शेवट कसा होतो, ते परत येतात का, मला फुग्यासारखं काहीतरी आठवतं पण ते दुसऱ्या गोष्टीतलं असू शकतं.

धुळ्याच्या_बाई

फुगा यातलाच. धूमकेतू दोन वर्षांनी परत पृथ्वीजवळ येतो, तेव्हा जहाजांची शिडं शिवून मोठा फुगा करतात, गरम हवेवर वर चढतात आणि दोन्ही हवेचे थर मिसळतात तेव्हा अलगद पृथ्वीच्या बाजूला येतात. उतरतात तर इकडे कुणाला काही पत्ताच नाही.

केळीबाग_रावेर

मिळवायचं म्हणाल तर नवीन दुकानात चकरा मारण्यापेक्षा तालुक्याच्या जुन्या वाचनालयात जा, अ वर्गाचं वाचनालय असेल तर जुना साठा असतोच. अमळनेरचं साने गुरुजींच्या नावाचं वाचनालय, जळगावचं व. वा. तिथे बालविभागात न शोधता रजिस्टरमध्ये लेखकाच्या नावाने बघायला सांगा, भ मध्ये. बालविभागाची कपाटं बऱ्याच ठिकाणी सुट्टीतच उघडतात आणि नोंद भलत्याच नावाखाली असते. ग्रंथपालांशी गोड बोला, चहा पाजा. किशोरचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, ते फुकट वाचता येतात, भागवतांचं पुस्तक त्यात नाही पण तुमचा त्या वयाचा दुसरा काही शोध असेल तर तिथे बघाच. व्हर्नचं इंग्रजी भाषांतर "ऑफ ऑन अ कॉमेट" नावाने गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आहे, हक्क कधीच संपलेत.

आणि हो, मी पण काल रात्री ते इंग्रजी उघडलं. तो धूमकेतू कशाचा बनलेला आहे माहितीये का कुणाला? टेल्युरियम आणि सोनं. तीस टक्के सोनं भो! अख्खा धूमकेतू!

मेहरूणची_बोरं

जळगावच्या सराफ बाजारावर पडला पाहिजे होता.

कळण्याची_भाकरी

पडला असता तर सोन्याचा भाव बाजरीच्या खाली गेला असता, आणि सुवर्णनगरी हे नाव बदलून आपल्याला केळीनगरी करावं लागलं असतं. रावेरवाल्यांची मजा.

केळीबाग_रावेर

आमची कसली मजा, केळीचा भाव पण तोच माणूस ठरवणार, तोच काटा घेऊन.

तापीकाठचा

शनिवारी अमळनेरला चाललोय, भाचीचं डोहाळेजेवण आहे. वाचनालय दुपारी बंद असतं का ते कुणाला माहीत असेल तर सांगा, म्हणजे आधी तिकडे आणि मग जेवायला. मिळालं तर भागवतांनी त्या व्यापाऱ्याचं काय केलंय ते बघून इथे लिहितो, ताईंसाठी.