दाह आणि हाडांची झीज एकच संयुग रोखते, हे केव्हा म्हणता येईल?

प्रश्न (एम. फार्म., औषधी रसायनशास्त्र)

नमस्कार. मी चाल्कोन (दोन बेंझीन वलये कार्बोनिल आणि दुहेरी बंधाने जोडलेली) वर्गातील काही नवी संयुगे तयार केली आहेत. त्यांपैकी एकाने रॉ २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर दोन परिणाम दाखवले. एलपीएस (जिवाणूंच्या भिंतीतील दाह चेतवणारा घटक) दिल्यावर या पेशी जे नायट्रिक ऑक्साइड तयार करतात त्याचे प्रमाण घटले. आणि रँक-लिगंड (ऑस्टिओक्लास्ट घडवण्याचा संकेत देणारे प्रथिन) देऊन त्याच पेशींपासून ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या बहुकेंद्रकी पेशी, घडवून पाहिल्या तेव्हा ट्रॅप (ऑस्टिओक्लास्टची खूण असलेले विकर) दाखवणाऱ्या रंगाने रंगणाऱ्या पेशी फारच थोड्या आढळल्या. रूमॅटॉइड संधिवातात सांध्यांचा दाह आणि हाडांची झीज बरोबरच होते, म्हणून हे संयुग दोन्हींवर उपयोगी ठरेल असे प्रबंधात लिहिणे योग्य होईल का? प्राण्यांवरील चाचणीचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी काय तपासावे, आणि कोणते प्रारूप (रोगाचा प्राण्यांतील नमुना) निवडावे?

उत्तर १ (औषधी रसायनशास्त्र)

आपले निष्कर्ष दोन दिसत असले तरी ते मुळात एकच असण्याची शक्यता मोठी आहे. एलपीएस आणि रँक-लिगंड या दोघांचेही संकेत पेशीत एनएफ-कप्पा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाच्या मार्गाने जातात. तो मार्ग अडवणारे कोणतेही संयुग दोन्ही चाचण्यांत 'गुणकारी' ठरते. चाल्कोनच्या बाबतीत तर अधिकच सावध राहायला हवे, कारण त्यातील कार्बोनिलशेजारचा दुहेरी बंध प्रथिनांमधील सिस्टीनच्या गंधकाशी सहज जोडला जातो आणि मग संयुग एका ठरावीक लक्ष्यावर काम करत नाही, वाटेत येईल त्या प्रथिनाला चिकटते. म्हणून तो बंध संपृक्त (दुहेरीचा एकेरी) केलेले डायहायड्रोचाल्कोन तयार करून त्याच चाचण्या पुन्हा करा आणि मूळ संयुग ग्लुटाथायोन या पेशींतील गंधकयुक्त रेणूबरोबर ठेवून ते किती वेगाने संपते ते मोजा. संपृक्त रूपात परिणाम पूर्णपणे नाहीसा झाला, तर ही रचना औषधाचा पाया म्हणून पुढे नेण्याआधी फार विचार करावा लागेल. हळदीतील कर्क्युमिन या अशाच बंधाच्या संयुगावर इतकी वर्षे इतके काम झाले, तरी त्याची अस्थिरता, अभिक्रियाशीलता आणि अल्प शोषण यांमुळे ते औषधासाठीचा चांगला आरंभबिंदू नाही, असे २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी सविस्तर मांडले. आपल्या देशात चाल्कोन वर्गावर अजूनही असंख्य प्रबंध होतात, म्हणून हे आग्रहाने लिहितो आहे.

उत्तर २ (अस्थिजीवशास्त्र प्रयोगशाळा)

वरील मताशी मी सहमत आहे. त्यात पेशींच्या बाजूने भर घालते. ऑस्टिओक्लास्ट कमी दिसले याचे सर्वांत साधे कारण पेशी मेल्या हे असू शकते, आणि चोवीस तासांची एमटीटी चाचणी (पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून पाहणारी) त्याचे उत्तर देत नाही. ऑस्टिओक्लास्ट घडवण्याचा प्रयोग जितके दिवस चालतो तितकेच दिवस, त्याच मात्रेला पेशी जिवंत राहतात हे दाखवावे लागते. त्यानंतर उंदराच्या अस्थिमज्जेतील पेशींना एम-सीएसएफ (मॅक्रोफेज-पूर्वपेशी वाढवणारे प्रथिन) आणि रँक-लिगंड देऊन प्रयोग पुन्हा करावा, संयुग आरंभी, मध्ये आणि शेवटी असे वेगवेगळ्या वेळी घालावे, आणि हाडाच्या चकतीवर पडणारे खड्डे मोजावेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २००३ मध्ये इंटरल्युकिन-३ हे पेशींमधील संदेशवाहक प्रथिन ऑस्टिओक्लास्टची घडण कशी रोखते ते दाखवले. हा रेणू पूर्वपेशींना मारत नाही, तर त्यांना मॅक्रोफेजच्या वाटेला वळवतो, हे त्यांनी सिद्ध केले. 'पेशी कमी झाल्या' आणि 'पेशी दुसऱ्या वाटेला गेल्या' यांतील हा भेद आपल्यालाही दाखवता यायला हवा.

प्रारूपाबद्दल: अंडाशय काढलेली उंदरीण इस्ट्रोजेनअभावी होणारी झीज दाखवते, सांध्याचा दाह नव्हे. आपल्या प्रश्नासाठी डीबीए/१ जातीच्या उंदरांतील कोलॅजेन-प्रेरित (कोलॅजेन टोचून घडवलेला) संधिवात जवळचा आहे, परंतु त्यात दाह ओसरला की झीज आपोआप कमी होते, त्यामुळे केवळ हाड वाचले म्हणून संयुगाची हाडांवर थेट क्रिया आहे असे म्हणता येत नाही.

उत्तर ३ (संधिवाततज्ज्ञ)

दाह आणि झीज वेगळ्या करता येतात, हे रुग्णांवरच्या उपचारांतूनच कळले आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दाह उत्तम शमवते, पण हाडे ठिसूळ करते, आणि ही हानी उपचाराच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. उलट डेनोसुमॅब हे प्रतिपिंड-औषध रँक-लिगंडला बांधून हाडांची झीज थांबवते, मात्र सांध्याची सूज आणि कूर्चेची हानी तशीच राहते. त्यामुळे दोन्ही साधणाऱ्या तोंडाने घेण्याच्या औषधाची गरज खरी आहे, आणि आपण हा विषय निवडलात याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तरीही ओडानाकॅटिबचा इतिहास अवश्य वाचा. कॅथेप्सिन-के हे हाडातील प्रथिन तोडणारे विकर रोखणाऱ्या या औषधाने सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत अस्थिभंग कमी केले, पण पक्षाघाताचे प्रमाण वाढल्यामुळे २०१६ मध्ये मर्कने ते सोडून दिले. दीर्घकाळ, कदाचित आयुष्यभर, घ्यायच्या औषधात दुसऱ्या ऊतींवरचा लहानसा परिणामही निर्णायक ठरतो. म्हणूनच अनेक प्रथिनांना चिकटणारे संयुग मला डॉक्टर म्हणून काळजीचे वाटते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. संपृक्त रूप आधी बनवते. प्राण्यांच्या चाचणीत तुलनेसाठी डेनोसुमॅब वापरावे का?

उत्तर २ (अस्थिजीवशास्त्र प्रयोगशाळा)

नको. ते साध्या उंदराच्या रँक-लिगंडला बांधत नाही. त्यासाठी मानवी रँक-लिगंड असलेले उंदीर मुद्दाम तयार करावे लागले होते. झोलेड्रोनिक आम्ल हे हाडांची झीज रोखणारे औषध वापरा, आणि दाहासाठी तुलनेचा वेगळा गट ठेवा. संयुग सूज दिसू लागल्यानंतर सुरू करा, कारण रुग्णही सूज आल्यावरच डॉक्टरांकडे जातो. सांध्याच्या सुजेच्या गुणांकाबरोबर रक्तातील सीटीएक्स (हाड विरघळताना सुटणारा कोलॅजेनचा तुकडा) आणि मायक्रो-सीटीने (सूक्ष्म त्रिमितीय क्ष-किरण चित्रण) हाड, दोन्ही मोजा. गुणांक सारखा असलेल्या उंदरांत हाड अधिक वाचले, तरच हाडांवरच्या थेट क्रियेचे वाक्य प्रबंधात लिहा. प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात गटातील उंदरांची संख्या कशी ठरवली हे विचारले जाते, त्यामुळे ते गणित आधीच करून ठेवा.