गंजलेली क्लासिक स्पोर्ट्स कार घेऊन नवी करावी, की झालेलीच घ्यावी?

स्वस्तात मिळतेय म्हणून गंजलेली क्लासिक गाडी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या कुणी पैसे ओतून नीट केलेली गाडी, कामाचे फोटो आणि बिलं तपासून, घ्या. ती महाग वाटली तरी शेवटी स्वस्त पडते.

कारागीर तासाचे पैसे घेतो आणि गाडी कुठलीही असली तरी त्याचा दर तोच राहतो. जॅग्वार ई-टाइपचंच बघा. १९६१ची ३.८ लिटर रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची गाडी, आणि १९६६मध्ये आलेली टू-प्लस-टू, म्हणजे मागे दोन छोट्या सीट असलेली, दोन्हींचे सिल, म्हणजे दारांखालचे पत्र्याचे पट्टे, सारखेच गंजतात. लांबलचक बॉनेट रेषेत बसवायला दोन्हीकडे तितकाच घाम गळतो. सहा सिलिंडरचं इंजिन उघडायचा खर्चही जवळपास तेवढाच. बाजारभाव मात्र रोडस्टरचा कितीतरी वर.

मी टू-प्लस-टू घेतली होती. रंगाखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली चाळणी झालेला पत्रा. या गाडीचा मधला भाग मोनोकॉक, म्हणजे पत्रा हाच सांगाडा. सिल कापण्याआधी आतून आधार वेल्ड केला नाही तर सगळी बॉडी वाकते. माझ्या गाडीचं तेच झालं, दारं बसेनात, काम दोनदा करावं लागलं. विकली तेव्हा घातलेल्यातले निम्मेही परत आले नाहीत.

प्रतिसाद १

तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. सगळ्यांनी झालेलीच घ्यायची तर करायची कुणी? तुम्ही तपासायला सांगता ती बिलांची फाइल कुणीतरी सोसलेल्या तोट्याचीच असते.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाहा. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे भाव फारसा चढत नाही. तरीही ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी तिची नवी बॉडी बनवून विकते आणि लोक ती घेतात. पैसा वसूल होणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. संध्याकाळी स्वतः वेल्डिंग शिकत गाडी उभी करतात. मजुरी वजा केली की तुमचं गणित बदलतं.

धागाकर्ता

मजुरी वजा करा, पण क्रोमच्या मुलाम्याचं काय? क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग, सिलिंडर बोअरिंग अशी इंजिनाची यंत्रावरची कामं घरी होत नाहीत. आणि अर्धवट सोडलेल्या, खोक्यांत सुटे भाग भरलेल्या गाड्या कितीतरी विकायला येतात. त्यांच्या मालकांनीही हाच विचार केला होता.

प्रतिसाद २

तुम्ही दोघंही भरपूर बनलेल्या गाड्यांबद्दल बोलताय. दुर्मीळ गाडीचा हिशेबच निराळा. २०२३मध्ये फेरारी ५०० मोंडियाल या जुन्या रेसिंग कारचा जळून चुरगळलेला सांगाडा लिलावात १८ लाख ७५ हजार डॉलरला गेला. खरेदीदाराने पत्र्याचे पैसे दिले नाहीत, त्या चासी नंबरचे आणि त्यामागच्या इतिहासाचे दिले. अशा गाडीवर कितीही खर्च केला तरी परत येण्याची शक्यता असते. म्हणून आधी गाडीची ओळख पक्की करा, गंज नंतर मोजा.

प्रतिसाद ३

आणि दुर्मीळ असेल तर हात तरी कशाला लावायचा? इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळातून २००९मध्ये वर काढलेली बुगाटी ब्रेशिया ही जुनी स्पोर्ट्स कार पुढच्याच वर्षी सुमारे २ लाख ६० हजार युरोला विकली गेली. ती तशीच, गंजलेलीच जपली आहे. मूळ रंग, मूळ चामडं एकदा खरवडलं की कुठल्याही पैशाने परत येत नाही. लोक चकाकीसाठी टिकलेलं अस्तर फाडून टाकतात, त्याचा मला खरंच राग येतो.

धागाकर्ता

पण ही स्पोर्ट्स कार आहे, चालवायला नको?

प्रतिसाद ३

चालवा की. ब्रेक, रबरी होस, टायर, पेट्रोलच्या नळ्या बदला, तिथे जिवाचा प्रश्न आहे. सीटला चिरा पडल्या म्हणून नवं चामडं चढवू नका, एवढंच म्हणणं आहे.

प्रतिसाद १

हे मान्य. पण चाळणी झालेल्या सिलला हा नियम लावता येत नाही, ते कापावेच लागतात. धागाकर्ते, गाडी घेण्याआधी चुंबक लावून पाहिलं होतं का?

धागाकर्ता

नाही. नवा रंग पाहूनच भुललो. चुंबक फिरवलं असतं तर पुट्टीवर ते चिकटलंच नसतं, आणि मी तिथूनच परत फिरलो असतो.