मदत हवी आहे: पिक लाइनमध्ये सलाइन जातं, पण रक्त मागे येत नाही

आमच्या वृद्धसेवा केंद्रातल्या एका आजींच्या उजव्या दंडात सिंगल ल्युमेन (एकच मार्ग असलेली) पिक लाइन (PICC, दंडाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी) आहे, त्यातून व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालू आहे. कालपासून फ्लश (नळी धुण्याचं सलाइन) सहज जातो, पण सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला की नुसता ताण येतो, रक्ताचा धागाही दिसत नाही.

क्लॅम्प आणि नळीचा पीळ तपासला, नीडललेस कनेक्टर (नळीच्या बाहेरच्या टोकाची सिरिंज जोडायची टोपी) बदलला. 10 मिलीच्या सिरिंजने थांबत-थांबत 10 मिली नॉर्मल सलाइन दिलं (लहान सिरिंज मुद्दाम टाळली, दाब वाढून नळी फाटू शकते). हात वर करायला, खोकायला लावलं, कूस बदलली.

बाहेरची लांबी लाइन घालताना नोंदवली तेवढीच, 3 सेंमी. दंडाचा घेर तोच. ताप, लाली, सूज, दुखणं काही नाही.

डोस थांबवून डॉक्टरांना कळवलंय. एक्स-रेची सोय इथे नाही आणि आजींना हलवणं फार त्रासाचं आहे.

नळीच्या आतल्या टोकाशी फायब्रिनचं (रक्त गोठताना बनणाऱ्या तंतूंचं) आवरण आलंय असं धरून आधी 2 मिग्रॅ अल्टेप्लेस (गुठळी विरघळवणारं औषध) मागवावं, की टोकाची जागा एक्स-रेने पाहिल्याशिवाय तेही नको? आणि तोवर व्हॅन्कोमायसिनचा एखादा डोस दुसऱ्या हातातल्या साध्या कॅन्युलातून (हाताच्या शिरेतल्या छोट्या सलाइनच्या नळीतून) देण्याबद्दल तुमच्याकडे काय नियम आहे?