तातडीची मदत: ६९७ चं हेड जुन्या टाटावर बसेल का?

डिचोलीकर_७
आजोबांच्या ट्रकचं हेड (इंजिन ब्लॉकवरचं व्हॉल्व्हवालं झाकण) चिरलंय, दोन व्हॉल्व्हच्या मधोमध. फोंड्याला भंगारात टाटाच्या ६९७ इंजिनचं हेड आहे, भंगारवाला उद्या दुपारपर्यंतच ठेवतो म्हणाला. बसेल का? हो की नाही एवढंच सांगा. चवथीआधी गाडी चालू हवी.

घाटवाला
इंजिन कुठलं ते लिहा की आधी!

डिचोलीकर_७
टाटाच. सहा सिलिंडर. जाळीवर मर्सिडीजचा तारा आहे.

जुना_क्लीनर
तारा आहे म्हणजे टेल्को-मर्सिडीज कराराच्या वेळची, १९५४ ते ६९. आम्ही उसगावला खाणीवर असताना अशाच गाडीत रेडिएटरला बावीचं पाणी घालायचो. तुम्ही कूलंटच घाला हो.

घाटवाला
बाब, कूलंटचं कोणी विचारलंय? माझं ऐका, अख्खं ६९७ इंजिनच टाका. मी टाकलंय, चोर्ला घाट तिसऱ्यात चढते.

स्पॅनर_साखळी
आणि आरसी बुकावरचा इंजिन नंबर? इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते.

घाटवाला
विंटेजमध्ये नोंदवायची, हाय काय नाय काय.

स्पॅनर_साखळी
विंटेज गाड्यांचा २०२१ चा तो नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकीसाठी. ट्रक त्यात येत नाही.
डिचोलीकर, जुन्या हेडला हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना तापणारे) आहेत का? आणि पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खड्डा आहे का?

डिचोलीकर_७
प्लग आहेत. पिस्टन बऱ्यापैकी सपाट. ब्लॉकवर ओएम ३१२ लिहिलंय. त्याने काय फरक पडतो?

स्पॅनर_साखळी
तिथेच तर सगळं अडतं. हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. ३१२ हे मर्सिडीजचं इंजिन, त्यात डिझेल आधी हेडमधल्या प्रीचेंबरमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यात पेटतं. ६९७ मध्ये ते थेट पिस्टनच्या वाटीत फवारलं जातं. सपाट पिस्टनवर ते हेड ठेवलंत तर फवारा पेटायला जागाच नाही. डिझेल फवारणारे नोझलही वेगळे.
शिवाय नावातच माप आहे: ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास). त्याचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२८. तुमचा ९० आणि १२०. म्हणजे क्रँक, पिस्टन, लायनर, काहीच इकडचं तिकडे नाही.

घाटवाला
मग टाटाच्याच ६९२ इंजिनचं बघा. स्ट्रोक १२० च आहे.

स्पॅनर_साखळी
स्ट्रोक जुळला म्हणून हेड जुळत नाही. ६९२ डीआयलाही (डीआय म्हणजे थेट फवारा) वाटीचेच पिस्टन. ३१२ चंच हेड शोधा, नाहीतर बिडाचं वेल्डिंग येणाऱ्याकडे हेच भरून घ्या. भरल्यावर पाण्याच्या दाबाखाली तपासल्याशिवाय चढवू नका. भंगारात जाताना जुनं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पातळ पॅकिंग) बरोबर न्या, त्या हेडवर आडवं ठेवा. बोल्ट आणि पाण्याची भोकं जुळली नाहीत तर पैसे खिशातच राहू द्या.

डिचोलीकर_७
गॅस्केट मिस्त्रीने काल फेकलं.

जुना_क्लीनर
कचऱ्यात बघ रे. आणि भंगारवाल्याला आगाऊ दिलेस काय?

डिचोलीकर_७
दोन हजार.