उत्तर: मॅक्रोमधून पीडीएफ उघडत नाही, एरर ५

उद्यमनगरातल्या वर्कशॉपसाठी एक्सेलची यादी आहे, जॉब नंबरवर क्लिक केलं की मॅक्रोनं (एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामनं) ड्रॉइंगची पीडीएफ उघडायला हवी, पण एरर ५ येते, असं तुम्ही लिहिलंय. वर कुणीतरी रीडर (पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम) परत इन्स्टॉल करा म्हटलंय. त्यानं काही फरक पडणार नाही, चूक कोडमध्ये आहे. मॅक्रोतली 'शेल' ही आज्ञा फक्त एक्झीसारख्या, म्हणजे स्वतः चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइली चालवते. तिला थेट पीडीएफचा पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) दिला की ५ नंबर ठरलेला.

त्याऐवजी 'शेलएक्झिक्यूट' हे विंडोजचं फंक्शन वापरा, ते फाइल तिला जोडलेल्या प्रोग्राममध्ये उघडतं, आणि ते काय परत देतं तेही बघा. ३२ पेक्षा मोठा आकडा म्हणजे काम झालं, २ म्हणजे फाइल सापडली नाही, ३१ म्हणजे पीडीएफला कुठला प्रोग्रामच जोडलेला नाही.

'शेल'च ठेवायचं असेल तर आधी रीडरच्या एक्झीचा पूर्ण पाथ, मग फाइलचा, दोन्ही वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत. नाहीतर 'पंप हाउसिंग ३' सारख्या नावाचे स्पेसपाशी तुकडे पडतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधल्या 'स्टार्ट' कमांडनं फाइल उघडायला गेलात तर गंमत वेगळीच: अवतरणातला पहिला मजकूर ती खिडकीचं शीर्षक समजते, म्हणून नुसती काळी खिडकी उघडते. पाथच्या आधी रिकामी अवतरणचिन्हं टाका.

कोडमधून अ‍ॅक्रोबॅट (अडोबीचा विकतचा पीडीएफ प्रोग्राम) चालवण्यासाठी त्याचा ऑब्जेक्ट बनवायचा सल्लाही वर आहे. फुकटच्या रीडरवर तो चालत नाही, एरर ४२९ (ऑब्जेक्ट बनवता आला नाही) येईल. आणि हेच ठरल्या वेळी आपोआप चालावं म्हणून विंडोजच्या टास्क शेड्यूलरला लावणार असाल तर 'युजर लॉग-ऑन असतानाच' हा पर्याय निवडा, नाहीतर पीडीएफ उघडेल पण स्क्रीनवर दिसणार नाही.